डॉक्टर टिपणीसांचा हातगुण

माझ्या नवऱ्याच्या हाताला गुण आहे असं घाटकोपरची अख्खी भटवाडी म्हणायची. त्या हाताने घरातला साधा फ्यूज कधी धड बसला नाही, हे मला एकटीला माहीत होतं. पण मी ते कुणाला सांगत नसे, कारण दवाखाना बरा चालला होता.

आधी तो मुळीच चालत नव्हता. आमचे हे, म्हणजे डॉक्टर शरच्चंद्र टिपणीस, पार्ल्यात वाढलेले, एम.बी.बी.एस.ला पहिल्या दहांत आलेले आणि हट्टी. त्यांनी दवाखाना उघडतानाच ठरवलं होतं की उगाच इंजेक्शन द्यायचं नाही. सर्दीला नाही, तापाला नाही, कंबर दुखतेय म्हणून तर नाहीच नाही. भटवाडीत तेव्हा सुई न टोचणारा डॉक्टर म्हणजे मीठ न घालणारा आचारी. समोरचे डॉक्टर जयवंत येईल त्याला टोचायचे, पेशंटबरोबर सोबतीला आलेल्यालाही एखादं देऊन टाकायचे. त्यांच्याकडे रांग असायची. आमच्या बाकावर बसायला यायचे ते रिक्षाची वाट बघणारे. मी टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्यूटी संपवून संध्याकाळी नंबर द्यायला बसत असे, पण नंबर द्यायचे कुणाला, हा प्रश्नच होता.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मुलुंडला एका हॉलमध्ये प्राणऊर्जेचं शिबिर झालं. शिकवणारे कुणी चंद्रप्रकाशजी परदेशात राहून आलेले होते. हे तिथे गेले ते, खरं सांगायचं तर, थट्टा करायला. परत आले ते विचारात पडून.

"पेशंटला काहीतरी मिळाल्यासारखं वाटायला हवं गं," जेवताना म्हणाले. "मग पाणी टोचण्यापेक्षा हात काय वाईट? हाताने गळू तरी होत नाही. औषध द्यायचं ते देणारच आहे मी. दोन्हींचा समन्वय."

मला ते पटलं. आजही वाटतं, तेवढ्यापुरतं ते शहाणपणाचंच होतं.

नवा बोर्ड आला. पेंटरने 'समन्वय चिकित्सा व प्राणऊर्जा' एवढं ठळक रंगवलं की एम.बी.बी.एस.ला जागाच उरली नाही. शेवटी ते खाली कोपऱ्यात, फोन नंबरच्या शेजारी गेलं. हे दोन दिवस धुसफुसले आणि मग विसरले.

पद्धत सोपी होती. आधी नीट तपासायचं, औषध लिहून द्यायचं. मग पेशंटला स्टुलावर बसवायचं, आपण डोळे मिटायचे आणि हात त्याच्या अंगापासून चार बोटं दूर धरायचा. चंद्रप्रकाशजींचं म्हणणं असं की उजवा हात देतो आणि डावा खेचून घेतो. म्हणून अशक्तपणा, झोप न लागणं, भीती, यांना उजवा. सूज, ठणका, ताप, गाठ, यांना डावा. झालं की हे डोळे उघडायचे आणि गोळ्या वेळेवर घ्या म्हणून बजावायचे.

महिन्याभरात बाक भरला. सहा महिन्यांत लोक पायरीवर बसायला लागले. भटवाडीतली बरीचशी वस्ती मालवणकडची, गिरण्यांत काम केलेली. संपानंतर कुणी वॉचमन झालं होतं, कुणी लिफ्टमन, कुणी घरी बसून मसाले कुटत होतं. ही सगळी माणसं ह्यांच्या हातासाठी यायला लागली. डॉक्टर जयवंतांवर सुया गुंडाळून ठेवायची वेळ आली. पार्ल्याच्या एका मंडळात ह्यांचं व्याख्यान झालं, टाळ्या पडल्या, आणि परत येताना हे मला म्हणाले, "सुनंदा, यात काहीतरी आहे बरं का." नवी चप्पल पायाला बसत जाते तसा ह्यांचा विश्वास बसत चालला होता. सुरुवातीला चावला, मग चावेनासा झाला.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. नंबर देताना मी विचारायची, काय होतंय? तर समोरची बाई म्हणायची, "काय नाय गे बाई. जरा हात व्हयो." तपासताना ती छतावरच्या पंख्याकडे बघत बसायची, गोळ्यांबद्दल काही ऐकायची नाही. ह्यांनी डोळे मिटले की तिचे उघडायचे, आणि हात वर होईपर्यंत ती श्वास धरून असायची. मग कुणी हसत बाहेर पडायचं, कुणी तोंड पाडून. डोकेदुखी थांबली तरी तोंड पाडून. मी ह्यांना विचारलं, तेव्हा हे म्हणाले की ऊर्जेचा परिणाम प्रत्येक प्रकृतीवर निराळा होतो.

सत्त्याऐंशी सालच्या जूनमध्ये गुणाजी त्याच्या बायकोला घेऊन आला. गुणाजी फोर्टातल्या एका कचेरीत लिफ्टमन होता. कमी बोलणारा माणूस. त्याची वनमाला मात्र बोलकी. नंबर घेताना ती माझ्या साडीची चौकशी करायची. त्या दिवशी गप्प होती. बायकांना तपासताना हे मला आत बोलावून घेत, म्हणून मी तिथेच होते. छातीत गाठ होती. मला दिसत नव्हती, पण तपासता तपासता ह्यांचा चेहरा बदललेला दिसला.

ह्यांनी काही लपवलं नाही. दोघांना समोर बसवून स्वच्छ मराठीत सांगितलं, "ही गाठ साधी वाटत नाही. परळला मोठ्या हॉस्पिटलात जायचं, उद्याच. ऑपरेशन लागेल. आत्ता काढली तर वनमालाबाई बऱ्या होतील. थांबायचं नाही." चिठ्ठी लिहून दिली. माझ्या वर्गातली मुलगी तिथे सर्जन आहे, माझं नाव सांगा, असंही म्हणाले.

दोघांनी मान डोलावली, पण उठली नाहीत. वनमाला स्टुलावर जाऊन बसली आणि तिने पदर सारखा केला. गुणाजी हात जोडून तिच्या मागे उभा राहिला. आता एवढं सांगितल्यावर बिचारीला धीर तरी द्यावा म्हणून ह्यांनी डोळे मिटले. गाठ होती, म्हणून शास्त्राप्रमाणे डावा हात धरला.

वनमालाने डोळे पुसले. जाताना दोघं ह्यांच्या पाया पडली. मला वाटलं, ऑपरेशनच्या भीतीने रडली असेल.

गणपती आले आणि गेले. परळला पाठवलेला पेशंट सहसा आमच्याकडे लगेच परत येत नाही, तिकडचाच होऊन जातो. म्हणून ह्यांनी काही विचारलं नाही, मीही नाही. दसऱ्याच्या सुमारास वनमालाची जाऊ सुगंधा दवाखान्यात आली. तिच्या मुलीसाठी, अनुपमासाठी, स्थळ आलं होतं हे तिनेच मला सांगितलं, आणि मग म्हणाली की कंबर दुखते. मी नंबर देता देता विचारलं, "वनमालाचं ऑपरेशन कसं झालं गं?"

"ऑपरेशन?" सुगंधा म्हणाली. "ता खय केला? डॉक्टरांनी तर डावो दिल्यानी."

"डावा काय?"

"डावो हात. नको म्हणान."

मला अजून कळेना. तेव्हा तिने एखाद्या अडाण्याला सांगावं तसं मला सांगितलं. गावाला देवळात कौल लावतात. मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि मनातला प्रश्न देवापुढे मांडायचा. उजवीकडची कळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. आता प्रत्येक वेळी गावी कोण जाणार? इथे डॉक्टर आहेत. ते डोळे मिटतात, त्यांना कोण काय विचारतंय ते ठाऊक नसतं, आणि हात आपोआप उठतो. देवळातही याहून वेगळं काय असतं?

मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. दोन वर्षं हा कारभार माझ्या नाकासमोर चालला होता. मुलीचं लग्न करायचं का, गिरणीत परत अर्ज द्यायचा का, भावाला खोलीत ठेवून घ्यायचं का, सगळे प्रश्न आमच्या स्टुलावर सुटत होते. ज्यांना अशक्तपणा होता त्यांची लग्नं जुळली आणि ज्यांना सूज होती त्यांची मोडली. एरवी मी पोट धरून हसले असते. पण मला वनमालाने पुसलेले डोळे आठवले.

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांचा पहिला राग भलत्याच ठिकाणी निघाला. "पण मी तोंडाने सांगितलं होतं ना? ऑपरेशन करा म्हणून? चिठ्ठी दिली होती ना?"

"तोंडाने सांगितलंत," मी म्हटलं. "हाताने नको म्हणालात."

त्या संध्याकाळी दवाखाना बंद ठेवून आम्ही दोघं चाळीत गेलो. वनमालाने चहा टाकला. पदर तिने डाव्या खांद्यावरून घट्ट ओढून घेतला होता, आणि चहाचा कप देताना डावा हात वर जात नव्हता. ह्यांनी ते पाहिलं. कप तसाच खाली ठेवून बोलायला लागले. ऊर्जा म्हणजे कौल नव्हे, डावा म्हणजे नकार नव्हे, डावा उलट गाठीसाठी चांगला. मग त्यांच्याच लक्षात आलं की आपण काय बोलतोय, आणि ते थांबले.

"गुणाजी," ते म्हणाले, "खरं सांगतो. माझ्या हातात काही नाही. साधा हात आहे. डावा काय आणि उजवा काय."

गुणाजीने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग शांतपणे म्हणाला, "मगे दोन वर्सा तुमी काय करी होतास?"

ह्यांनी खाली ठेवलेला कप उचलून परत खाली ठेवला.

"तुमी सांगितल्यात ता आमी आयकला," गुणाजी पुढे म्हणाला. "पण तोंड काय, जगाक भिवन बोलता. हात तसो नाय."

"माका जावचा नाय असा नाय हो, डॉक्टर," वनमाला म्हणाली. "पण देव नको म्हणता आणि मी गेलंय, आणि तिथे टेबलावर काय झाला तर? माझी पोरा बारकी आसत."

मला तिचा राग आला, आणि दुसऱ्या क्षणी माझाच आला. ती अडाणी नव्हती. तिने विश्वास ठेवायचा तिथे ठेवला होता, आणि तो ठेवायला जागा आम्ही बोर्ड लावून करून दिली होती.

"मग पुन्हा विचारा," हे म्हणाले. "आत्ता विचारा. मी उजवा देतो."

गुणाजीने मान हलवली. तोच प्रश्न परत विचारता येत नाही, देव रागावतो. आणि उत्तर आधी सांगून कौल होत नाही. पण प्रश्न वेगळा करता येतो. ऑपरेशन करायचं का, हे विचारून झालं. आता दसऱ्यानंतर परळला नेलं तर चालेल का, हे विचारता येईल. सोमवारी सकाळी, अंघोळ करून, देवाचं नाव घेऊन. आणि डॉक्टरांनी मनात काही धरायचं नाही.

ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता चिडणार. सर्दीला इंजेक्शन द्यायला नकार देऊन उपाशी राहायची तयारी असलेला हा माणूस.

"बरं," हे म्हणाले. "सोमवारी."

घरी आल्यावर कपडे बदलता बदलता त्यांनी मला विचारलं, "उजवा हात डोक्यावर धरू की खांद्यावर? काय बरं दिसेल?" मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. हे पलंगावर बसून दोन्ही तळवे समोर धरून बघत होते, कुणीतरी दुसऱ्याने ठेवायला दिल्यासारखे.

सोमवारी दवाखान्यात एवढी माणसं जमली की दार लावता येईना. गुणाजी धोतर नेसून आला होता. हे उपाशीपोटी, कपाळाला गंध. गळ्यात स्टेथोस्कोप होता, तो सवयीने घातलेला. गुणाजीने गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवापुढे खणखणीत आवाजात सगळी हकिगत मांडली. हे लेकरू दुखण्यात पडलं आहे, आमच्याकडून काही चूकभूल झाली असेल तर पदरात घे, आणि परळची वाट मोकळी असेल तर तसं दाखव. प्रत्येक वाक्याला बाकावरून आणि पायरीवरून "व्हय महाराजा" येत होतं. पार्ल्याच्या टाळ्यांपेक्षा तो आवाज मोठा होता.

ह्यांचा उजवा हात वर झाला. शेवटचं 'महाराजा' संपायच्याही आत. लोकांनी तेही चांगलंच लक्षण मानलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं परळला गेलो. ह्यांच्या वर्गातल्या डॉक्टर मीरा तिथे मोठ्या सर्जन. त्यांनी तपासलं, आणि तपासताना त्यांचे ओठ घट्ट मिटत गेले. हात धुऊन येत त्या गुणाजीला म्हणाल्या, "जूनपासून गाठ होती म्हणता. इतके दिवस कुठे होतात? कोणाकडे दाखवत होता? कोणी बाबाबुवा?"

हे पुढे झाले. मी ह्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की हे आता 'माझ्याकडे' असं म्हणणार. मला वाटलं, म्हणू देत. म्हटलं पाहिजे.

पण वनमाला आधी बोलली. "ह्या डॉक्टरांनी पयल्याच दिवशी सांगितल्यानी ऑपरेशन करा म्हणान. चिठ्ठी पण दिल्यानी. आमीच आयकाक नाय."

यातला शब्द न् शब्द खरा होता. डॉक्टर मीरांनी ह्यांच्या खांद्यावर थोपटलं. "जाऊ दे रे शरद. आपण सांगून सांगून किती सांगणार? यांची डोकी अंधश्रद्धेने भरलेली. तू निदान स्वतः घेऊन तरी आलास." ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

चार दिवसांनी तपासण्या झाल्यावर मीराबाईंनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. काखेत पसरलंय, म्हणाल्या. छातीच्या फोटोत फुप्फुसातही डाग दिसतायत. गाठ काढावी लागेल, कारण ती फुटायच्या बेतात आहे, नंतर बाईचे फार हाल होतील. पण बरी होण्यासाठी म्हणून हे ऑपरेशन नाही. जूनमध्ये आली असती तर गोष्ट निराळी होती. "घरच्यांना तू सांगशील का? तुझं ऐकतात ते," असंही त्या म्हणाल्या.

हे मान हलवून हो म्हणाले, पण सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करत ऑपरेशनची सकाळ उजाडली. वनमालाला हिरवा झगा घालून ट्रॉलीवर घेतलं होतं. केस बांधलेले, त्यामुळे ती एकदम लहान दिसत होती. वॉर्डबॉय ट्रॉली ढकलायला लागला तेव्हा तिने हात करून त्याला थांबवलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आज तोंडान काय सांगू नकात. मी मनात इचारलंय. हात देवा."

काय विचारलं असेल ते आम्हाला सगळ्यांनाच कळलं. पेशंटला खोटं सांगायचं नाही, हे ह्यांनी आयुष्यभर पाळलं होतं. चिडून सांगितलं असेल, रडवून सांगितलं असेल, पण खरं ते सांगितलं होतं. हे तिच्याजवळ गेले आणि त्यांनी उजवा हात तिच्या कपाळावर ठेवला, चार बोटं दूर वगैरे काही नाही, सरळ कपाळावर टेकला. वनमाला प्रसन्न हसली. मग वॉर्डबॉयला म्हणाली, "चल रे बाबा आता." आणि दारं लागली.

आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. कॅन्टीनचा पोऱ्या चहा विचारून गेला, कुणी घेतला नाही. गुणाजी दोन्ही गुडघे धरून बसला होता. मग ह्यांच्याकडे वळला.

"डॉक्टर, तिका हात दिल्यात, ता बरा केल्यात," तो म्हणाला. "तिका तोच व्हयो होतो. पण तुमचे डोळे उघडे होते. मी बघी होतंय."

ह्यांनी दोन्ही हात मांडीखाली सरकवले.

"माका हात नको. माका डॉक्टर म्हणान काय ता सांगा. मी आयकतंय."

मग ह्यांनी सांगितलं. काखेतलं सांगितलं, फुप्फुसातलं सांगितलं, पुढे काय काय होईल आणि त्यावर काय काय करता येईल तेही सांगितलं. साध्या मराठीत, एकही गोष्ट न लपवता, जसं पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसंच. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. इतकी वर्षं ह्यांना एवढंच तर हवं होतं, की समोरच्याने हाताकडे न बघता तोंडाकडे बघून ऐकावं. गुणाजी शब्द न् शब्द ऐकत होता, मान हलवत होता. आणि मी शेजारी बसून मनात म्हणत होते की देवा, निदान आजच्या दिवस तरी याने डॉक्टरांवर विश्वास ठेवू नये.